एका माणसापुरत्या लाह्या

लाह्या एका माणसापुरत्या फोडायच्या असतात, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

भांडं आणलं होतं माझ्या मुलीनं. कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या, रात्री जागताना तोंडात टाकायला काहीतरी हवं, म्हणून तिनं ऑनलाइन मागवलं. हिरव्या रंगाचं, सिलिकॉनचं, हातात घेतलं तर रबरासारखं लिबलिबीत. दाबलं की ताटलीएवढं चपटं व्हायचं आणि ओढलं की वाडगा व्हायचा. दोन बाजूंना धरायला दोन कान, वर सैलसर झाकण. त्यात मक्याचे दोन चमचे दाणे टाकायचे, झाकण ठेवायचं आणि मायक्रोवेव्हमध्ये सरकवायचं. तेल नको, तूप नको. अडीच मिनिटांत वाडगा भरून वर.

आई सोफ्याच्या कडेला बसून हे बघत होती. मुलीनं दाणे मोजून टाकले तशी ती म्हणाली, "आगं, एवढ्याशात काय हुतंय? चिमण्यांस्नी घालतीस का काय?"

"आज्जी, हे एका माणसाचंच असतं."

"एका माणसाच्या लाह्या?" आईनं असं विचारलं, जणू कुणी एका माणसाची वरात म्हणालं होतं.

तिचं आश्चर्य खोटं नव्हतं. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पट्ट्यातलं. काळी रानं, शाळूचा मुलूख. पेरणी भादवा-आश्विनात, सुगी माघ-फाल्गुनात. शाळूच्या रानाच्या कडेला दोन तासं लाह्यांच्या ज्वारीची असायची. तिचा दाणा बारीक आणि घट्ट. भाकरीच्या ज्वारीची लाही फुटत नाही असं नाही, पण ती अर्धवट तोंड उघडते. लाह्यांची ज्वारी मात्र पार उलटी होऊन पांढरीशुभ्र फुलते. सुगी झाली की ती वेगळी झोडपून, वेगळ्या गाडग्यात भरून, आजी उतरंडीत ठेवायची. तिला हात लागायचा तो एकदम श्रावणात, पंचमीच्या तोंडावर.

नागपंचमीला आमच्यात चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून लाह्यांचा घाट आदल्या दिवशी, नागचवथीला. त्याच्याही आदल्या दिवशी संध्याकाळी ज्वारी उमलायची. उमलायची म्हणजे काय, तर खळखळ उकळत्या पाण्यात ज्वारी सोडायची, थोडा वेळ ठेवायची, मग रोवळीत निथळून जुन्या लुगड्यात गाठोडं बांधायचं आणि वर काहीतरी जड ठेवून रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी गाठोडं सोडलं की दाणा वरून कोरडा, पण आतून ओला. हे 'आतून ओला' कळायला हात लागतो. आजी चार दाणे दाढेखाली धरायची आणि सांगायची, "झालं" किंवा "आजून घटकाभर पसरा."

मग चूल. लाह्यांना मंद आच चालत नाही. तुरकाठ्यांचा भडका लागतो. कढई लालबुंद तापली की मूठभर ज्वारी आत आणि लगेच काठीला बांधलेल्या फडक्याच्या बोळ्यानं गरगर फिरवायची. पहिली एक फुटायची. मग दोन. मग पावसाची सर पत्र्यावर यावी तसा आवाज. बोळ्याला न जुमानता लाह्या चुलीच्या भोवती, आईच्या केसांत, आमच्या अंगावर उडायच्या. गल्लीतल्या चार घरांच्या बायका एका चुलीपाशी जमायच्या. जळण चार घरचं, कढई एकीची, ज्वारी सगळ्यांची. चाळणीवर लाह्या घोळायच्या. खाली पडायचे ते गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे. ते कोंबड्यांना. आणि गंमत म्हणजे फोडणाऱ्या बायकांना त्या दिवशी भावाचा उपास असायचा. दिवसभर लाह्यांच्या वासात बसून एक लाही तोंडात टाकायची नाही. खायचो आम्ही पोरं. परात भरली की परात रिकामी.

अशा चुलीपाशी पन्नास वर्षं बसलेली बाई माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आली, ती आण्णा गेल्यावर. आणि तिथं तिच्या हातून चूल काढून घेतली ती मी.

झालं ते थोडक्यात सांगतो. मी आणि बायको, दोघंही नोकरीला. मुलगी कॉलेजात. आईनं एका दुपारी दूध तापत ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली. दूध उतू गेलं, गॅस विझला, पण कॉक चालूच. मी त्या दिवशी लवकर आलो, म्हणून निभावलं. दार उघडलं तर वासानं डोकं भणाणलं. खिडक्या उघडल्या, कॉक बंद केला, बटणांना हात लावला नाही. आई गॅलरीत मान टाकून झोपली होती. तिला आधी काहीच कळलं नाही. नंतर कळलं तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी घाबरलो होतो, हे खरं. पण घाबरलेला माणूस कसा बोलतो ते त्याला स्वतःला ऐकू येत नाही. संध्याकाळी बायको आणि मुलगी घरी आल्यावर, त्यांच्या देखत मी म्हणालो, "आई, आजपासून तू स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाहीस. काय पाहिजे ते आम्हाला माग." दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला निघताना ओट्याखालचा कॉक बंद करून जायला लागलो. तिच्यासाठी चहा थर्मासात, जेवण डब्यात.

आईनं माझा शब्द अक्षरशः पाळला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची. तिथं उंबरा नव्हताच, नुसती फरशीची रेघ होती. पण ती रेघ तिनं ओलांडली नाही. पाणीसुद्धा मागून प्यायची. "सूनबाई, वाईच पाणी दे गं." माझी बायको तिला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. ती एकदा मला रात्री म्हणाली, "आत्या पाणी मागतात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही बोला त्यांच्याशी." मी म्हणालो, बोलतो. बोललो नाही. काय बोलायचं? माझं चुकलं म्हणावं, तर कॉक बंद करणं चूक नव्हतं. आणि चुकलं नाही म्हणावं, तर ती रेघेबाहेर उभी होती.

असे पाच-सहा महिने गेले. आई बारीक झाली. तिचं बोलणं कमी झालं. गावाकडून फोन आला तर "समदं बरं हाय" एवढंच.

आणि मग हे हिरवं भांडं आलं.

पहिल्या दिवशी आई नुसती बघत होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला दिसलं की मायक्रोवेव्ह सुरू झाला की ती सोफ्यावरून उठून रेघेपर्यंत येते. बघायला नाही, ऐकायला. मान जरा तिरकी करून. मुलगी यंत्रावर मिनिटं लावून मोबाइलमध्ये डोकं घालायची आणि शेवटच्या दाण्यांना करपट वास यायचा. एके दिवशी आई रेघेबाहेरून ओरडली, "काढ, काढ! थांबल्या न्हवं फुटायच्या?" मुलीनं दार उघडलं. एकही लाही जळली नव्हती.

"आज्जी, तुला कसं कळलं?"

"कानाला कळतंय. दोन टाळ्यांच्या मदी एक श्वास मावाया लागला की उतरायचं."

नंतर मी त्या पुड्याच्या मागचा मजकूर वाचला. त्यात हेच होतं, दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडलं की थांबवा.

मग उन्हाळा आला. मक्याचा उघडा पुडा कपाटात तसाच राहिला होता. मुलीनं दाणे टाकले तर निम्मेअधिक फुटलेच नाहीत. वाडग्याच्या तळाशी तपकिरी खडे. ती पुडा कचऱ्यात टाकायला निघाली. आईनं हात पुढं केला. "आण हिकडं." दोन दाणे दाढेखाली धरले. ऐंशीला टेकलेल्या बाईच्या दोनच दाढा उरल्या होत्या, पण त्या दोन कामाच्या होत्या. "वाळून खडंग झालाय बिचारा. पाणी कुटाय त्येच्यात?"

तिनं काचेची बरणी मागितली. त्यात सगळे दाणे ओतले, वर चमचाभर पाणी शिंपडलं, झाकण घट्ट लावलं. दिवसातून चार-पाच वेळा बरणी हलवायची आणि परत ठेवायची. दोन दिवसांनी म्हणाली, "आता बघ." मुलीनं दोन चमचे टाकले. वाडग्याचं झाकण वर उचललं गेलं, एवढ्या लाह्या झाल्या. तळाशी गणंग तीन.

या मागचं शास्त्र मी नंतर समजून घेतलं. मक्याच्या फुटणाऱ्या दाण्यात शंभरात साधारण चौदा भाग पाणी असावं लागतं. दाण्याचं साल इतकं चिवट की आतली वाफ बाहेर पडू शकत नाही. आतलं पिठूळ द्रव्य शिजून मऊ होतं, दाब वाढत जातो आणि १८० अंश सेल्सिअसच्या आसपास साल हार मानतं. वाफ सुटते, मऊ झालेलं पीठ बाहेर फुलून जागच्या जागी वाळतं. तीच लाही. पाणी कमी झालं तर दाब येत नाही, सालाला चीर गेली तर वाफ गळून जाते; दोन्ही वेळा उरतो तो गणंग. आमच्या गाडग्यातली ज्वारी माघ-फाल्गुनापासून श्रावणापर्यंत वाळत राहायची, म्हणून ती आधी उमलावी लागायची. आजीला अंश सेल्सिअस माहीत नव्हते. पण कढई किती तापली ते ती एक दाणा टाकून सांगायची.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मला हसू आलं. मायक्रोवेव्हची कल्पना ज्याला सुचली तो अमेरिकेतला पर्सी स्पेन्सर रडारच्या नळ्यांवर काम करत होता. १९४५ च्या सुमाराची गोष्ट. खिशातलं चॉकलेट विरघळलं म्हणून त्याला शंका आली असं सांगतात, आणि मग त्यानं नळीपुढं धरून पाहिले ते मक्याचे दाणे. म्हणजे या यंत्रानं जन्मल्या जन्मल्या पहिलं काम केलं ते लाह्या फोडण्याचं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग त्येच्या घरीबी कोन तरी आज्जी आसंल."

बरणीच्या त्या दिवशी मुलीनं एक काम केलं, जे मला सहा महिन्यांत सुचलं नव्हतं. आईच्या कपाळावरची टिकली आण्णांबरोबर गेली होती. मुलीनं आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि मायक्रोवेव्हच्या एका बटणावर चिकटवली. "आज्जी, हे दाबलं की अर्धं मिनिट. पाच वेळा दाब. झालं की आपोआप बंद होतं. विसरलीस तरी बंद होतं." मग आजीचा हात धरून तिला रेघेच्या आत घेतलं. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. पेपर खाली केला नाही.

पहिल्यांदा आईचं बोट थरथरलं. टिकलीवर पाच वेळा दाबलं, प्रत्येक वेळी मोठ्यानं मोजत. आत दिवा लागला, भांडं गरगर फिरायला लागलं. आई यंत्रापुढं वाकून उभी. पहिली एक फुटली. मग दोन. मग पत्र्यावर सर आली.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर पितळी परात. आमच्या गावच्या घरातली, आईनं हट्टानं बरोबर आणलेली आणि मी माळ्यावर टाकलेली. सोसायटीच्या वॉचमनला वर बोलावून तिनं ती काढून घेतली होती. परातीत लाह्यांचा ढीग. एका माणसाच्या भांड्यात तिनं पाच वेळा फोडल्या होत्या. चार घरातल्यांच्या, आणि "एक आल्यागेल्याची." मधे एक खाडाही शोधून काढला होता. पहिल्या घाण्यानंतर भांडं तापलेलं असतं, तेव्हा दुसऱ्याला टिकली चारदाच दाबायची, नाहीतर करपतं. 'घाणा' हा तिचाच शब्द. भजी-पुऱ्यांचा असतो तसा.

बिनतेलाच्या लाह्यांना मीठ धरत नाही, याचाही तिनं बंदोबस्त केला. चमचाभर तेलात मीठ आणि हळद कालवायची, दाण्यांना आधीच चोळून ठेवायची. लाह्या पिवळसर व्हायच्या, भांड्याला हळदीचा डाग पडायचा. तो सिलिकॉनवरून काही केल्या निघत नाही. मुलगी सुरुवातीला कुरकुरली, मग तीच म्हणाली, राहू दे. आम्ही चौघं परातीभोवती बसायला लागलो. एकाच ढिगात चार हात. ज्याच्या त्याच्या खोलीत ज्याचा त्याचा वाडगा जायचा, ते बंद झालं. मी ऑफिसातून आलो की आई विचारायची, "घाणा टाकू?" त्या दोन शब्दांत काय होतं ते मला कळत होतं. पाणीही ती आता स्वतःच्या हातानं घ्यायला लागली.

श्रावणात आईनं गावाहून लाह्यांची ज्वारी मागवली. रीतसर उमलली, गाठोडं बांधलं, सकाळी पसरली. पण यंत्रापुढं तिचं काही चाललं नाही. निम्मी ज्वारी फुटली, निम्मी तशीच. बारीक दाणा त्या भांड्यात हवा तसा एकदम तापेना. आईनं चार घाणे टाकून बघितले. मग मी उठलो. ओट्याखालचा कॉक उघडला, शेगडी पेटवली, लोखंडी कढई ठेवली आणि तिला म्हणालो, "ये. मी इथं उभा आहे."

ती काही बोलली नाही. जुन्या टॉवेलचा तुकडा उलथन्याला गुंडाळून बोळा केला आणि कढईपाशी उभी राहिली. मी ज्वारी मूठमूठ टाकत होतो, ती फिरवत होती. आख्ख्या ओट्यावर, मिक्सरवर, माझ्या चष्म्यावर लाह्या. पहिली मूठ तिनं बाजूला काढली, नागोबाची. बाकीच्या परातीत. तिनं स्वतः एकही तोंडात टाकली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज चवथ. तिचा एकुलता एक भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. तिचा उपास चालूच होता.

माझं चुकलं, हे वाक्य मी तिला कधीच म्हणालो नाही. त्या दिवशीही नाही. कढई उतरवताना ती एवढंच म्हणाली, "कॉक बंद कर हां. इसरशील."

त्या आल्यागेल्याच्या घाण्याचं सांगायचं राहिलं. पाचवा घाणा स्टीलच्या डब्यात भरून ती रोज कुणाला तरी पाठवायची. शेजारच्यांना, वरच्यांना. ते डबा धुऊन, पुसून, 'थँक्यू आजी' म्हणत परत आणून द्यायचे. आईला ते चमत्कारिक वाटायचं. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामं नाही. फक्त खालचा वॉचमन, तो मुखेडकडचा, तो एकटा डबा कधी रिकामा द्यायचा नाही. कधी चार शेंगा, कधी दोन पेरू. आई खूश व्हायची. "त्येला रीत ठावं हाय," म्हणायची. मग पाचवा घाणा कायमचा त्याचाच झाला.

पुढच्या माघात आई गेली. फार त्रास झाला नाही. तेरावं झालं, माणसं पांगली. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. हिरवं भांडं घेऊन जा म्हटलं, तर म्हणाली, "तिथं दुसरं घेईन. ते इथंच राहू दे." बटणावरची टिकली आम्ही काढली नाही. आता मी आणि बायको, दोघंच. कधी फोडतो, कधी नाही. दोघांसाठी एक घाणा पुरतो.

या पंचमीला सकाळी बेल वाजली. दारात वॉचमन. गावाकडे जाऊन आला होता. हातात आईचा स्टीलचा डबा. तो त्याच्याकडेच राहिला होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"आज्जींचा डबा द्यायचा राहिला होता, साहेब," तो म्हणाला. "गावाकडनं ज्वारीच्या लाह्या आणल्यात. रिकामा कसा द्यावा?"

त्याला आत बोलावलं. बायकोनं परात काढली.